वाट पाहणारं कुणीतरी

अमळनेरच्या प्रताप हायस्कूलच्या वसतिगृहात शंभरेक वर्षांपूर्वी एक दैनिक निघत असे. छापखाना नव्हता, वर्गणी नव्हती, आणि प्रतही एकच, हाताने लिहिलेली. नाव होतं ‘छात्रालय’. लिहिणारे होते पांडुरंग सदाशिव साने. पुढे उभ्या महाराष्ट्राने त्यांना गुरुजी म्हटलं. पण तेव्हा ते १९२४ साली शाळेत नव्याने रुजू झालेले शिक्षक होते आणि वसतिगृहाची जबाबदारी त्यांच्या अंगावर आली होती. दिवसभर वर्गात शिकवायचं, मुलांच्या खोल्या झाडायच्या, कुणाचं पांघरूण घडी घालून ठेवायचं, कुणाचे कपडे धुऊन टाकायचे, आणि या सगळ्यातून वेळ काढून मुलांसाठी दैनिक लिहायचं.

रोज लिहिण्याचा नेम कसा धरावा आणि धरलेला टिकवावा कसा, हा विषय निघाला की लोक सहसा गुरुजींची दुसरीच गोष्ट सांगतात. ‘श्यामची आई’ नाशिकच्या तुरुंगात लिहिली गेली. ९ फेब्रुवारी १९३३ला सुरुवात आणि १३ फेब्रुवारीला शेवट. अवघे पाच दिवस! हे ऐकलं की ऐकणाऱ्याला वाटतं, लिहिणं असं आतून यावं लागतं. आलं की थांबत नाही, आणि येत नसेल तर आपला पिंडच तो नव्हे. मला ही गोष्ट अर्धवट सांगितलेली वाटते. त्या पाच दिवसांच्या मागे काय होतं, तेही सांगायला हवं. मागे ‘छात्रालय’ होतं. १९२८ साली काढलेलं ‘विद्यार्थी’ मासिक होतं. आणि आदल्याच वर्षीचा धुळ्याचा तुरुंग होता. तिथे १९३२च्या फेब्रुवारीपासून जूनपर्यंत दर रविवारी विनोबांनी गीतेच्या एकेका अध्यायावर प्रवचन दिलं, आणि समोर बसून ती प्रवचनं उतरवून घेतली गुरुजींनी. विनोबांची ‘गीता प्रवचने’ आज आपल्या हातात आहेत ती त्या लेखणीमुळे. बोलणाऱ्याच्या वेगाने, त्याचा भाव न सांडता, अठरा अध्याय कागदावर उतरवलेला हात नाशिकला पोचला होता. पाच दिवसांत पुस्तक झालं ते खरं, पण त्या पाच दिवसांची तयारी कितीतरी वर्षं आधीपासून चालू होती.

याहून मला महत्त्वाची वाटते ती ‘श्यामची आई’ची मांडणी. पुस्तकात प्रकरणं नाहीत, रात्री आहेत. आश्रमात दिवसभराची कामं आटोपल्यावर सोबती गोळा होतात आणि श्याम त्यांना आईच्या आठवणी सांगतो. एक रात्र संपली की ऐकणारे दुसऱ्या रात्रीची वाट पाहतात. तुरुंगात एकट्याने लिहितानाही गुरुजींनी आधी ऐकणारे समोर बसवले आणि मग तोंड उघडलं. वसतिगृहात हेच तर चाललं होतं. सकाळी उठून आज काय लिहून आलंय ते बघायला येणारी पोरं होती. ज्याला काल बरं नव्हतं तो, ज्याच्या घरून पत्र आलं नव्हतं तो, ज्याने भांडण केलं होतं तो, असे सगळे. त्यांचे चेहरे लिहिणाऱ्याला ठाऊक होते.

माझं म्हणणं इतकंच आहे, आणि ते मी अगदी मनापासून मांडते आहे: रोजचं लिहिणं ध्येयाच्या जोरावर टिकत नाही, ते टिकतं वाट पाहणाऱ्या माणसामुळे. ‘मला लेखक व्हायचंय’, ‘यंदा कादंबरी पुरी करायचीय’, ‘रोज हजार शब्द लिहायचेत’ ही ध्येयं वाईट नाहीत. पण ती फार लांब उभी असतात. आज तुम्ही वही उघडली नाही, तर ध्येय काही दारात येऊन विचारत नाही की आज का नाही. ते गप्प राहतं. दोन दिवस, चार दिवस, महिनाभर गप्प राहतं, आणि मग एके दिवशी आपल्यालाच त्याच्याकडे बघायची चोरी होते. वसतिगृहातला पोरगा मात्र सकाळीच विचारतो, “सर, आजचा अंक?”

हे पटायला फार लांब जायला नको. मराठी घरात रोज लिहिण्याची एक सवय पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे, तिच्याकडे आपण सवय म्हणून बघत नाही इतकंच. स्वयंपाकघराच्या भिंतीवर खिळ्याला टांगलेलं कॅलेंडर असतं. १९७३ साली जयंतराव साळगावकरांनी ‘कालनिर्णय’ काढलं, त्यानंतर तर तारखांचे चौकोन म्हणजे घराघरांतली वहीच झाली. आमच्याकडे खिळ्याला दोऱ्याने शिसपेन्सिल बांधलेली असे. बॉलपेन नाही, भिंतीवर टेकवून लिहिताना बॉलपेनची शाई उतरत नाही, हे आईला कुणी न सांगता कळलं होतं. चौकोनात एवढ्याएवढ्या अक्षरांत नोंदी. ‘दू. १॥’. ‘बाई नाही’. ‘गॅस लावला’. ‘इस्त्री ९’. मधेच एखादी वेगळी: ‘पहिला पाऊस, दुपारी’. ‘ताई आली’. ‘नानांना दवाखाना’. आईला कधी कुणी लेखिका म्हटलं नाही आणि तिने स्वतःला तसं समजण्याचा प्रश्नच नव्हता. पण या नोंदींत खाडा नसे. ताप असो, पाहुणे असोत, लग्नघाई असो, रात्री दिवा मालवण्याआधी तिचा हात पेन्सिलीकडे जायचाच. कारण महिनाअखेर दूधवाला दारात उभा राहणार आणि “वहिनी, किती दिवस झाले?” म्हणून विचारणार. त्याला उत्तर द्यायचं होतं. पावसाची आणि पाहुण्यांची नोंद त्या हिशेबाच्या आधाराने आपोआप होत गेली. आज ती जुनी कॅलेंडरं काढली की दुधाचा हिशेब कुणी वाचत नाही. सगळे वाचतात ते पावसाचं आणि ताईचं.

मोठ्या कामांचा इतिहास बघतानाही मला हेच दिसतं. गोविंद सखाराम सरदेसाई १८८९ साली सयाजीराव गायकवाडांच्या पदरी बडोद्याला नोकरीला लागले. महाराष्ट्राचा सगळा इतिहास लिहून काढीन, अशी प्रतिज्ञा करून ते गेले नव्हते. राजघराण्यातल्या मुलांना इतिहास शिकवायचं काम त्यांच्याकडे आलं. मुलांपुढे ठेवावीत अशी मराठी पुस्तकं नव्हती, म्हणून वाचत जायचं आणि टिपणं काढत जायचं. समोर बसलेल्या विद्यार्थ्याला उद्या काय सांगायचं, एवढाच तेव्हाचा प्रश्न. त्या टिपणांतून १८९८ साली ‘मुसलमानी रियासत’ उभी राहिली, मागून ‘मराठी रियासत’ आली, आणि सरदेसाई रियासतकार झाले. पेशवे दफ्तरातल्या निवडक कागदांचे ४५ खंड त्यांनी संपादित केले. कामशेतला राहून, वयाची ऐंशी उलटल्यावर, मराठ्यांचा इतिहास त्यांनी इंग्रजीत तीन खंडांत पुन्हा नव्याने लिहिला. १९५९ साली ते गेले तेव्हा चौऱ्याण्णव वर्षांचे होते. आयुष्यभराच्या या कामाला सुरुवात करून दिली ती अभ्यासाच्या खोलीत बसलेल्या दोनचार मुलांनी.

पांडुरंग वामन काणे यांची कथा तर मला याहूनही शिकण्यासारखी वाटते. काणे मुंबई हायकोर्टात वकिली करत. अशिलांची कामं, कोर्टाच्या तारखा, हे रोजचं चालू असताना नीलकंठभट्टांच्या ‘व्यवहारमयूख’ या ग्रंथाची आवृत्ती ते सिद्ध करत होते. ती १९२६ साली निघाली. ग्रंथ हातात घेणाऱ्याला आधी धर्मशास्त्राची परंपरा थोडक्यात कळावी, नाहीतर त्याला मजकुराचा अर्थ लागायचा नाही, म्हणून त्यांनी प्रस्तावनेत थोडा इतिहास द्यायचं ठरवलं. वाचणाऱ्याची अडचण दूर करायची, एवढाच हेतू. पण एक मुद्दा सांगायचा तर त्याच्या आधीचा सांगणं भाग होतं, आणि त्याच्या आधीचा सांगायचा तर आणखी चार ग्रंथ चाळणं भाग होतं. प्रस्तावना प्रस्तावनेत मावेना. १९३० साली भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने धर्मशास्त्राच्या इतिहासाचा पहिला खंड काढला. शेवटचा निघाला १९६२ साली. पाच खंड, साडेसहा हजारांहून अधिक पानं. तेव्हा काणे ब्याऐंशी वर्षांचे होते; पुढच्याच वर्षी त्यांना भारतरत्न मिळालं.

तरुणपणीच त्यांना कुणी म्हटलं असतं की बाबा, तुला साडेसहा हजार पानं लिहायची आहेत, तर त्यांनी काय केलं असतं कोण जाणे. तसं कुणी म्हटलं नाही. त्यांच्यापुढे फक्त एक वाचक होता, त्याला न कळलेली एक गोष्ट होती, आणि ती समजावून सांगितल्याशिवाय स्वस्थ न बसणारं त्यांचं मन होतं. ध्येय आधी ठरतं आणि मग त्याच्याकडे रोज एकेक पाऊल टाकायचं असतं, असं आपण मुलांना शिकवतो. काणे आणि सरदेसाई यांच्याकडे पाहिलं की क्रम उलटा दिसतो. आधी रोजचं बसणं आलं, कुणाला तरी काही सांगण्यासाठी. ध्येय त्यातूनच हळूहळू आकाराला आलं. म्हणून, “माझं अजून काही ठरलेलं नाही, मग लिहायला कसं बसू?” असं कुणी विचारलं की मी म्हणते, ठरलेलं नाही म्हणूनच बसा.

इथे एक शंका घेतली जाते आणि ती रास्त आहे. वाचणाऱ्यासाठी लिहायचं म्हणजे त्याला आवडेल असंच लिहायचं का? आणि आज तर मोबाइलवर चार ओळी टाकल्या की क्षणात अंगठे नि बदाम गोळा होतात. ते वाट पाहणंच नव्हे का? मला यात मोठा फरक वाटतो. गर्दीसाठी लिहिलं की माणूस मोजायला लागतो. काल इतके होते, आज इतकेच का, असं होतं आणि लिहिण्याची उमेद त्या आकड्याबरोबर वरखाली होत राहते. एका माणसासाठी लिहिलं की मोजायला काही उरतच नाही. त्याने विचारलेल्याला उत्तर द्यायचं असतं, त्याला ठाऊक नसलेलं सांगायचं असतं, आणि कधी कधी त्याला न आवडणारंही सांगावं लागतं. वसतिगृहाच्या दैनिकात गुरुजी मुलांना गोड वाटेल तेवढंच लिहीत बसले असते, तर ते त्यांचे शिक्षक कसले?

ज्याला घरात, शाळेत असं कुणी नाही, त्याने पत्र लिहावं. गुरुजींनी १९४८च्या १५ ऑगस्टला ‘साधना’ साप्ताहिक सुरू केलं. तो काळ त्यांच्या मनाला फार जड गेला होता. गांधीजींच्या हत्येने ते आतून हलले होते. तशाही दिवसांत ते पुतणीला, सुधाला, पत्रं लिहीत राहिले. पुढे ती ‘सुंदर पत्रे’ म्हणून पुस्तकरूपाने आली. पाऊस, फुलं, पाखरं, आकाशातले तारे, सणवार, थोरांच्या आठवणी असं सगळं त्यांत आहे. ज्याच्या मनावर एवढं ओझं आहे तो माणूस एका मुलीला ताऱ्यांबद्दल सांगत बसतो, याचं पूर्वी मला नवल वाटे. आता वाटत नाही. त्या दिवसांत लेखणी त्यांच्या हातून सुटली नाही, याचं श्रेय मी सुधाला देते.

आणि रोजनिशी? ती तर कुलूपबंद. ती वाचणारं कोण? याचं सुंदर उत्तर समर्थांनी देऊन ठेवलं आहे. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेवर आहे. अक्षर वाटोळं आणि मोकळं असावं, ओळी सरळ असाव्यात, भोवती कोरी जागा सोडावी, ग्रंथाच्या पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत एकाच टाकाने लिहिल्यासारखं वाटावं, इतक्या बारकाईने त्यांनी सगळं सांगितलं आहे. त्यात एक सूचना अशी की तरुणपणी फार बारीक लिहू नये. ते म्हातारपणी कामाला यायचं नाही, म्हणून अक्षर मध्यम ठेवावं. मला हा समास फार आवडतो तो या एका सूचनेसाठी. लिहिणाऱ्याने ज्याची काळजी घ्यायची तो वाचक इथे तो स्वतःच आहे, पण आणखी तीसचाळीस वर्षांनंतरचा, नजर अधू झालेला. रोजनिशी लिहिणाऱ्याने त्या म्हाताऱ्याला किंवा म्हातारीला समोर बसवावं. मग ‘आज कंटाळा आला, विशेष काही नाही’ असं लिहून वही मिटता येणार नाही. तिला विशेषच हवं असणार. आज भाजी कितीला मिळाली, बसमध्ये शेजारी कोण बसलं होतं, धाकट्याने कुठला नवा शब्द उच्चारला, कशाची भीती वाटत होती. आपण विसरलेलं असू ते तिला हवं असेल.

मंडालेच्या तुरुंगात टिळकांपुढे तरी कोण होतं? १९१०-११च्या हिवाळ्यात त्यांनी ‘गीतारहस्य’ लिहिलं ते शिसपेन्सिलीने. भोवती परका मुलूख, परकी भाषा. पण त्यांनी तो ग्रंथ मराठीत लिहिला, यातच त्यांच्या डोळ्यांपुढे कोण होतं ते कळतं. संस्कृतात लिहिलं असतं तर पंडितांसाठी झालं असतं, इंग्रजीत लिहिलं असतं तर विलायतेतल्या विद्वानांसाठी. दोन्ही भाषांत ते समर्थ होते. १९१५ साली पुस्तक निघालं तेव्हा ज्यांच्या हातात पडलं, ती माणसं मंडालेच्या कोठडीत त्यांच्यासमोर आधीच बसलेली होती असं मी मानते.

आता रोजच्या बसण्याबद्दल थोडं. एकवीस दिवस केलं की सवय लागते, असं सर्रास सांगतात. बाविसाव्या दिवशी अंग जड झालं की मग माणूस स्वतःलाच दोष देतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खाण्यापिण्याच्या आणि व्यायामाच्या साध्यासुध्या सवयी लावून घेणाऱ्या ९६ जणांचा अभ्यास केला होता. तो २०१०च्या सुमारास प्रसिद्ध झाला. गोष्ट अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. पण माणसामाणसात अंतर केवढं? कुणाला १८ दिवस पुरतील, तर कुणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. आणि मधे एखादा दिवस चुकला म्हणून सवय लागण्यात फारसं बिघडलं नाही, हेही त्यात दिसलं. मला ही शेवटची गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते. खाडा पडला की आपण ‘आता सोमवारपासून’, ‘आता एक तारखेपासून’, ‘आता पाडव्यापासून’ असं म्हणतो आणि त्या एका दिवसाच्या खाड्याचा महिना करतो. दूधवाल्याचा खाडा झाला तर आई चौकोनात तसं लिही आणि दुसऱ्या दिवशी पातेलं पुन्हा बाहेर ठेवी. लिहिण्याच्या खाड्यालाही याहून जास्त मान देऊ नये.

वेळ कुठली, हा ज्याच्या त्याच्या घराचा प्रश्न आहे. पहाटे उठणाऱ्याचं कौतुक फार होतं, पण सकाळचा डबा, शाळेची बस आणि पाणी यायची वेळ ज्या बाईला सांभाळायची आहे तिला पहाट दाखवण्यात अर्थ नाही. तिच्यासाठी दुपारचे तीन बरे, किंवा रात्री ओटा पुसून झाल्यावरची पंधरा मिनिटं. मात्र वेळ एखाद्या ठरलेल्या कामाच्या पाठीला बांधावी. ओटा पुसला की वही. चहा झाला की वही. मग ‘आज लिहू का नको’ हा विचार मनात यायला फटच राहत नाही. आणि थोडं राखून उठावं. मनात आहे ते सगळं आजच ओतून टाकलं, तर उद्या कोरड्या मनाने बसावं लागतं. पुढचं वाक्य ठाऊक असतानाच वही मिटली, तर उद्याची सुरुवात हाताशी असते. श्यामचे सोबती रात्री उठताना दुसऱ्या दिवसाची ओढ घेऊनच उठत होते.

मध्यंतरी साताऱ्यातल्या एका वाचनालयात लिहिण्याबद्दल बोलायला गेले होते. बोलणं संपल्यावर सत्तरीच्या एक आजी जवळ आल्या. पिशवीतून त्यांनी जाडजूड वही काढली, पुठ्ठ्याची, कापडी पाठीची. आत्मचरित्र लिहायचं म्हणून मुलाने आणून दिली होती. पहिल्या पानावर जन्मगावाचं नाव होतं, तालुका-जिल्हा होता, आणि पुढे कोरी पानं. त्या म्हणाल्या, “लिहायला बसते हो, पण वाटतं, कोण वाचणार हे?” मी विचारलं, घरात लहान कोण आहे? नात आहे, बेंगळुरूला असते, तिसरीत. शाळेत मराठी नाही, पण बाप घरी मुळाक्षरं शिकवतो आणि ती लावून लावून वाचते. मी म्हटलं, मग आत्मचरित्र राहू द्या. तिला वाचता येईल असं एक पान रोज लिहा. अक्षर मोठं, जोडाक्षरं बेताची, आणि एका पानात एकच गोष्ट.

पुढे त्यांचा फोन आला. वही अर्ध्यावर आली होती. दुपारी चहा झाला की पान लिहायचं, सुनेने शिकवलं तसा मोबाइलवर फोटो काढून पाठवायचा, आणि संध्याकाळी नात फोनवर ते मोठ्याने वाचून दाखवते, असं ठरूनच गेलं होतं. माहेरच्या परड्यातलं फणसाचं झाड, शाळेत जाताना लागणारा ओढा, आजोबांची पानसुपारीची चंची, असं एकेक लिहून झालं होतं. अडखळलेल्या जागी नात थांबते, तिथे दुसऱ्या दिवशी सोपा शब्द घालायचा, हेही आजींना जमायला लागलं होतं.

त्या दिवशीचं पान विहिरीवरचं होतं. नवी कोरी तांब्याची कळशी, आईने बजावून दिलेली, आणि दोराचा फास नीट न आवळल्यामुळे ती निसटून तळाला गेली, इथे पान संपलं होतं. नातीने वाचलं आणि फोनवरच ओरडली, “आजी, मग? निघाली का ती?” आजींनी सांगितलं नाही. उद्या वाच म्हणाल्या. शेजारच्या वाड्यातून गळ आणून कळशी कशी काढली ते त्यांना लिहायचं होतं, पण गळ म्हणजे काय ते बेंगळुरूच्या मुलीला शब्दांनी कळलं नसतं, तेव्हा चित्र काढायला हवं होतं. दोराच्या टोकाला लोखंडी आकड्यांचा तो झुबका चार वेळा काढून पाहिला, जमेना. म्हणून मला फोन केला होता, आमच्या गावच्या घरी माळ्यावर जुना गळ पडलेला आहे का आणि त्याचा फोटो आजच्या आज पाठवता येईल का, हे विचारायला.